कोऱ्या कडेवरची चंद्रकोर

१

चिमणी मेली तेव्हा मी गावात नव्हते. थोरल्या बहिणीच्या पोटाचं ऑपरेशन होतं. तिच्या उशाशी चार दिवस काढून परतले, तर आमच्या ध्वनिसंग्रहालयाच्या फाटकावर पोलीस उभा होता आणि आमचा पहारेकरी कोठडीत होता.

या गोष्टीला आता चोवीस वर्षं झाली. सकाळी चष्मा कुठे ठेवला ते मला हल्ली आठवत नाही, पण त्या इमारतीतलं एकेक कपाट मी अजून डोळे मिटून उघडू शकेन. तळमजल्यावर ध्वनिलेखनाची खोली होती. तिथे ग्रामोफोनच्या जुन्या काळ्या तबकड्या वाजवून त्यांतली गाणी नव्या, चकचकीत डिस्कांवर उतरवायचं काम चाले. अठरा दगडी पायऱ्या उतरून खाली गेलं की तळघर, आणि तिथे अकरा हजार तबकड्या. वरच्या मजल्यावर माझी खोली. ओरखडे पडलेल्या, बुरशी धरलेल्या, उन्हात वाकलेल्या डिस्कांमधून आवाज परत काढणं हे माझं काम.

चिमणी आमची ध्वनिलेखक. वय सव्वीस. सदा काहीतरी गुणगुणायची म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. भाड्याच्या खोलीत एकटीच राहायची, त्यामुळे त्या रात्री ती परतली नाही हे कुणाला कळलंच नाही. सकाळी झाडूवालीने तळघर उघडवलं तेव्हा ती पायऱ्यांवर पालथी पडलेली होती. डोक्याला मार लागला होता. दाराला कुलूप होतं, तेही बाहेरून.

डॉक्टरांचं म्हणणं, पडल्यावर ती लगेच गेली नव्हती. तीन-चार तास तरी जिवंत असावी. खालच्या फरशीवरून सरपटत ती चार पायऱ्या वर आली होती.

कुलपाच्या किल्ल्या दोन. एक ध्वनिलेखनाच्या खोलीत खिळ्याला असे, आणि ती तिथेच होती. दुसरी पहारेकऱ्याच्या कमरेला, आणि पाचनंतर इमारतीत चिमणी आणि तो सोडून कुणी नसे. शिवाय आठवड्यापूर्वीच चिमणीने त्याला कामावर झोपलेलं पकडून चारचौघांत फैलावर घेतलं होतं. पोलिसांना एवढं पुरेसं होतं.

२

इन्स्पेक्टर दुसऱ्याच दिवशी माझ्या खोलीत आला. दाढ दुखत असल्यासारखा एका बाजूने बोलणारा, दमलेला माणूस. त्याने पाकिटातून एक डिस्क काढून माझ्या टेबलावर ठेवली.

चिमणीने त्या संध्याकाळी उतरवलेलं हे शेवटचं गाणं. तबकडीचा क्रमांक, डिस्कचा क्रमांक आणि तारीख नोंदवहीत तिच्याच अक्षरात होती. पण डिस्कची कड कुणीतरी खरवडली होती आणि ती कुठल्याच यंत्रावर वाजत नव्हती. त्यांच्या संगणकवाल्याने ती मेली म्हणून सांगून टाकलं होतं.

"पण तुमचे संचालकसाहेब म्हणतात, तुम्ही मेलेल्या उठवता," तो म्हणाला. "आणि ते हजेरीचं काय आहे?"

मी त्याला सांगितलं. आमच्या पहिल्या संचालकांनी घालून दिलेला तो नियम होता. गाणं उतरवण्याआधी ध्वनिलेखकाने माइक उघडून तारीख, वेळ, तबकडीचा क्रमांक आणि त्या क्षणी खोलीत कोण कोण हजर आहे ते बोलायचं. मग माइक बंद करायचा आणि सुई टेकवायची. पुढे कधी तबकडीला इजा झालेली आढळली, तर ती कुणासमोर वाजली हे कळावं म्हणून. आम्ही त्याला हजेरी म्हणायचो. आमच्या एकूण एक डिस्कची सुरुवात हजेरीने होते.

इन्स्पेक्टरने चष्मा पुसला. "म्हणजे तिच्या शेवटच्या संध्याकाळी खोलीत कोण होतं, ते या डिस्कवर आहे."

"तिने नियम पाळला असेल तर."

"सोमवारी मला पहारेकऱ्याला कोर्टापुढे उभं करायचंय. तोवर काय ते बघा."

तो बुधवार होता.

३

खाली उतरले तर पहारेकऱ्याची बायको जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेली. मांडीवर दोन वर्षांची मुलगी. ती रडत नव्हती, आणि तेच मला जड गेलं. तिने सांगितलं की तिच्या नवऱ्याने साडेसहाला फेरी मारली तेव्हा तळघराला आधीच कुलूप होतं. चिमणी निघून गेली असं त्याला वाटलं. कुलूप दिसल्यावर दार उघडून आत डोकावायची त्याला गरज वाटली नाही.

"ताई, ते झोपतात हे खरं आहे," ती म्हणाली. "आळशी आहेत. मीही त्यांना रोज बोलते. पण माणूस आत असताना कुलूप लावणारे नाहीत हो ते."

सोमवारपर्यंत ती रोज त्याच पायरीवर येऊन बसली. मी जाता-येता तिला ओलांडत होते.

साहेब दुपारी स्वतः वर आले, आणि ते कधी वर येत नसत. डिस्कमधून काही निघतंय का, निघालं तर आधी त्यांना ऐकवता येईल का, असं त्यांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. मग खरं बाहेर पडलं. डिस्कवर उतरून झालेल्या तबकड्या मोडीत काढायची यादी त्यांनी वरच्यांची परवानगी न घेताच केली होती. चिमणीला ती यादी ठाऊक होती. तिच्या आवाजात त्याबद्दल काही निघालं असतं तर त्यांची खुर्ची गेली असती.

"बाद करून टाका ती डिस्क," ते म्हणाले. "मी सही करतो."

मी म्हटलं, ती पोलिसांची आहे. ते घाम पुसत खाली गेले.

संध्याकाळी मी दादांकडे गेले. दादा म्हणजे तळघराचे रखवालदार. सदतीस वर्षं त्यांनी त्या तबकड्या पोटच्या पोरांसारख्या सांभाळल्या. मी एकोणिसाव्या वर्षी तिथे लागले तेव्हा तबकडी दोन तळव्यांत कशी धरायची, ओठांनी फुंकर न घालता धूळ कशी काढायची, हे सगळं त्यांनीच शिकवलं. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलाकडे जाऊन त्याची उलटतपासणी घेतली ती दादांनी. माझा सख्खा भाऊ नुसता हो म्हणून मोकळा झाला होता.

डिस्क मात्र त्यांनी आयुष्यात हातात धरली नाही. तिला ते आरसा म्हणायचे. "आरशात तोंड बघावं. गाणं कुठून दिसायचं त्यात?" सहा महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले आणि साहेबांनी त्यांचं आत येणं बंद केलं. दादा यादीवरून वाद घालतील ही भीती.

त्या संध्याकाळी ते खिडकीशी बसून होते. मी चिमणीचं नाव काढताच म्हणाले, "पोरगी गुणी होती." निवृत्तीनंतर आपण त्या इमारतीचा उंबरा ओलांडला नाही, असं त्यांनी पोलिसांना सांगितलं होतं. मलाही तेच सांगितलं. निघताना मात्र त्यांनी विचारलं, "त्या आरशातलं गाणं शाबूत आहे का गं?"

मी म्हटलं, अजून कळलं नाही.

४

गुरुवारी मी डिस्क कामाला घेतली. आधी कोमट पाण्याने धुतली आणि मऊ कापडाने मधून कडेकडे पुसली. गोल गोल पुसायचं नसतं, त्याने नवे ओरखडे पडतात. मग दिव्याखाली तिरकी धरली.

जिच्यावर लिहिलंय ती जागा डिस्कवर जराशी गडद दिसते, सावली पडल्यासारखी. या डिस्कवर ती सावली मधल्या भोकाभोवती होती, जेमतेम बोटभर रुंद. म्हणजे अकरा-बारा मिनिटांचं लेखन. त्यापुढची सगळी जागा कोरी. आणि खरवडलेलं कुठे, तर पार बाहेरच्या कडेला. जिथे काहीच लिहिलेलं नव्हतं तिथे.

मग ती वाजत का नव्हती? त्याचं कारण ओरखडा नव्हताच. डिस्कवर सगळं उतरवून झालं की यंत्र शेवटी तिची अनुक्रमणिका लिहितं. त्याला आम्ही डिस्क बंद करणं म्हणतो. चिमणीने ही डिस्क बंद केली नव्हती. ते ती तबकडी जागेवर ठेवून आल्यावर करायची, आणि त्या दिवशी ती परत आलीच नाही. पुस्तक अख्खं आहे, पण अनुक्रमणिका नाही, म्हणून साधं यंत्र म्हणतं की पुस्तकच कोरं आहे.

माझ्याकडे एक जुनाट ड्राइव्ह होतं. त्याला अनुक्रमणिका लागत नसे. ते पहिल्या पानापासून मुकाट्याने वाचत जाई. शुक्रवारी दुपारपर्यंत त्याने सगळं वाचून काढलं. मी इन्स्पेक्टरला बोलावलं. तो माझ्या स्टुलावर बसला, मी कळ दाबली.

आधी जराशी खरखर. मग चिमणीचा आवाज, अगदी जवळून, नेहमीचा, थोडा हसरा. तारीख. वेळ पाच वाजून दहा मिनिटं. तबकडी क्रमांक चार हजार एकशे सोळा. गायिका अज्ञात.

"हजर," चिमणी म्हणाली. मध्ये क्षणभर ती थांबली. "मी एकटी."

मग माइक बंद झाल्याचा टक आवाज, आणि गाणं.

इन्स्पेक्टर उठला. त्याने माझे आभार मानले. "खोलीत कुणी नव्हतं. म्हणजे नंतर आला तो किल्लीवालाच," तो म्हणाला आणि निघून गेला. डिस्क त्याने सोमवारपर्यंत माझ्याकडेच राहू दिली. त्याच्या लेखी तिचा उपयोग संपला होता.

जिन्यावर त्या बाईला काय सांगावं हे न सुचून मी त्या दिवशी मागच्या दाराने घरी गेले. त्या दाराला आतून नुसती कडी असते. हात लावला तर कडी नुकतंच तेल घातल्यासारखी सरकली. ती कडी वर्षानुवर्षं गंजलेली होती.

५

शनिवारी सकाळी मी ती डिस्क पुन्हा दिव्याखाली धरली. आतलं बोलणं संपलं होतं, आता बाहेरच्या ओरखड्याला बोलतं करायचं होतं.

बारीक, एकसारख्या रेघा. हाताने खरवडलं तर रेघा वेड्यावाकड्या येतात. या फिरत्या डिस्कवर टोकदार काहीतरी टेकवून काढलेल्या होत्या. पण वर्तुळ मध्यावर नव्हतं. एका बाजूला पट्टा चांगला रुंद, तिथून दोन्हीकडे निमुळता होत गेलेला, आणि समोरच्या बाजूला कडेवरून निसटून गेलेला. चंद्रकोरीसारखा.

मी ध्वनिलेखनाच्या खोलीत गेले. ग्रामोफोनच्या थाळीच्या मध्यावर पेन्सिलीएवढी खुंटी असते. तबकडीचं भोक तिला घट्ट बसतं. डिस्कचं भोक मात्र अंगठा जाईल एवढं, त्यामुळे डिस्क तिथे एका अंगाला सरकून बसते. मी एक रद्दी डिस्क थाळीवर ठेवली, थाळी फिरवली आणि पोलादी सुई हाताने दाबून कडेला टेकवली. थांबवून पाहिलं. तीच चंद्रकोर.

मी तिथल्या खुर्चीवर बसले. पुढचं सगळं एकामागून एक सुटत गेलं, आणि मला ते सुटायला नको होतं.

पहारेकऱ्याला डिस्क नकोशी असती तर त्याने ती मोडून कचऱ्यात टाकली असती. साहेबांना तर तेवढंही करावं लागलं नसतं. बाद डिस्कांच्या वहीत त्यांची एक सही पुरली असती. शिवाय डिस्क आतून बाहेर लिहिली जाते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, त्याची आकृतीच त्यांच्या खोलीत भिंतीवर होती. ज्याने हे केलं त्याला पूर्ण डिस्क नष्ट करायची नव्हती. फक्त सुरुवात पुसायची होती, हजेरीपुरती. पुढचं गाणं वाचवायचं होतं. आणि सुरुवात बाहेरच्या कडेला असते असं त्याला वाटत होतं.

सुरुवात बाहेरच्या कडेला असते ती तबकडीची.

उरलेला प्रश्न एकच होता. एका गाण्यासाठी एवढा धोका का? तबकडी तर तळघरात होतीच.

मी खिळ्यावरची किल्ली घेतली आणि खाली उतरले. चौथ्या पायरीवर पाय ठेवणं मला जमलं नाही, ती ओलांडली. चार हजार एकशे सोळाचं पाकीट आपल्या जागी उभं होतं. पोलिसांनी कपाटं पाहिली होती, पाकिटं कशाला उघडतील? मी उघडलं. तबकडी पाच तुकड्यांत होती. तुकडे एकमेकांना नीट जुळवून, मध्ये मऊ कागद घालून, पांढऱ्या सुती दोऱ्याने बांधले होते. दोरा कडेवरून दोनदा फिरवलेला, गाठ लेबलाच्या मागे, म्हणजे अक्षरांवर दाब येऊ नये.

ती गाठ मी एकोणिसाव्या वर्षी शिकले होते.

मी खूप वेळ तिथे उभी राहिले. माझ्या मनात पाकिटाचा विचार कमी आणि त्या संध्याकाळचा जास्त होता. खाली फरशीवर पोर पडलेली, आणि तिच्यापासून दहा पावलांवर बसून कुणीतरी तुकडे जुळवत होतं. पोरीला उचललं नाही, तबकडी उचलली.

६

मी इन्स्पेक्टरकडे गेले नाही. माझ्यापाशी होती एक गाठ आणि एक ओरखडा. डिस्क म्हणत होती, मी एकटी. कोर्टात माझ्या चंद्रकोरीला कुणी विचारलं असतं? आणि खरं सांगायचं तर दादांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मला ते मानायचंही नव्हतं.

रविवारी दुपारी एक छोटं यंत्र आणि डिस्कची उतरवून घेतलेली प्रत घेऊन मी त्यांच्याकडे गेले. ते खिडकीशीच होते. वहिनी गेल्यापासून त्या घरात दुसरी खुर्ची कधी बाहेर निघाली नव्हती. मी कॉटवर बसले.

"गाणं शाबूत आहे, दादा," मी म्हटलं. "पण पुढचं ऐकायच्या आधी हजेरी ऐकावी लागेल."

त्यांचे हात मांडीवर होते, ते तिथेच राहिले. "ती तर..." एवढंच म्हणून ते थांबले.

"तुम्ही कड खरवडलीत. आरसा आतून सुरू होतो, दादा. मधून."

ते माझ्याकडे बघत राहिले. सदतीस वर्षं तबकड्या हाताळलेला माणूस, आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा अडाण्याची लाज मी पाहिली. मी कळ दाबली.

तारीख. वेळ. क्रमांक. गायिका अज्ञात. हजर, मी एकटी.

मी यंत्र थांबवलं. दादांनी मान वर केली. "एकटी कशी? मी तिच्या शेजारी उभा होतो."

रस्त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत गेलं, तिच्या चाकाचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मग ते हळूहळू सांगू लागले. साहेब पाचला गेले की चिमणी मागचं दार उघडून त्यांना आत घ्यायची. आठवड्यातून दोनदा, तीनदा. तासभर बसू द्यायची, एखादं पाकीट हातात द्यायची. माइकवर ती काय बोलते तिकडे त्यांचं लक्ष नसे. तेव्हा ते थाळीवरच्या तबकडीकडे पाहत असत. त्या दिवशी गाणं उतरवून झाल्यावर ती तबकडी घेऊन तळघराकडे निघाली. दादा मागोमाग. वरच्या पायरीवर तिने यादीचं सांगितलं. सोमवारपासून उतरवलेल्या तबकड्या मोडीत जाणार. तिलाही वाईट वाटत होतं, पण हसून म्हणाली, आता हिचं काम झालं, दादा.

"मी म्हटलं, दे ती मला. ती म्हणाली, नोंद झालीय, घरी नेता येणार नाही. मी ओढली. तिने सोडली नाही. मग दोघी गेल्या."

दोघी, असं म्हणाले ते. चिमणी आणि तबकडी.

"ती हलत नव्हती गं. मला वाटलं, संपलं."

"मग कुलूप का लावलंत?"

बराच वेळ त्यांनी विचार केला. खरंच आठवून पाहत असावेत. "कुलूप लावायचं, किल्ली खिळ्याला. तळघर उघडं टाकून मी कधीच गेलो नाही," ते म्हणाले. "दमट हवा आत जाते."

मी बोलले असते तर ओरडले असते.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, चिमणी तसं का म्हणाली. नियम तर ती कधी मोडत नसे.

"तुमचं नाव आलं असतं तर साहेबांना कळलं असतं. मग तुम्हाला पुन्हा येता आलं नसतं," मी म्हटलं. "प्रत्येक वेळी ती तसंच म्हणत असणार, दादा. तुम्ही काही खरवडलं नसतंत तर कुणाला काही कळलंच नसतं."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता रडतील. पण त्यांनी फक्त बोटाने यंत्राकडे खूण केली. मी गाणं लावलं. साडेतीन मिनिटांचं ते गाणं, त्या बाईचं नाव आजही कुणाला माहीत नाही. ते तीनदा उतरवलेलं होतं, तीन वेगळ्या सुयांनी, आमच्या पद्धतीप्रमाणे. दादांनी तिन्ही वेळा ऐकलं. मग उठून त्यांनी चपला घातल्या, खिडकी लावली, दाराला कुलूप घातलं, ओढून पाहिलं. आणि किल्ली माझ्या हातात दिली.

चौकीपर्यंत आम्ही चालत गेलो. रस्ता ओलांडताना त्यांनी सवयीने माझा दंड धरला.

७

पहारेकरी सोमवारी सुटला. त्याची बायको मला भेटायला आली आणि माझ्या पाया पडू लागली. मी तिला उठवलं, पण तिच्या डोळ्यांत पाहू शकले नाही. इतके दिवस तिला ओलांडून जात होते ते मला आठवत होतं.

दादा दुसऱ्या वर्षी तुरुंगाच्या दवाखान्यात वारले. त्याआधी मी महिन्यातून एकदा त्यांना भेटायला जायची. आम्ही तबकड्यांबद्दल बोलायचो. चिमणीबद्दल ते एकदाच बोलले. विचारलं, ती चार पायऱ्या चढली हे खरं का? मी हो म्हटलं. त्यानंतर त्यांनी मला येऊ नकोस म्हणून निरोप पाठवला.

ती यादी रद्द झाली. साहेबांची बदली झाली. अकरा हजार तबकड्या अजून तळघरात आहेत. एक तुकड्यांत, बाकी धड.

पहारेकरी पुढे एकवीस वर्षं तिथेच होता. दुपारी झोपायचाही, आधीसारखाच. पण संध्याकाळी तळघराला कुलूप दिसलं तरी तो ते काढायचा, दिवा घेऊन अठरा पायऱ्या उतरायचा, कपाटांमधून शेवटच्या भिंतीपर्यंत जायचा, आणि मोठ्याने विचारायचा, "कुणी आहे का?" वरच्या मजल्यावर माझ्या खोलीत ते ऐकू यायचं. तो वर येऊन कुलूप लावेपर्यंत मी हातातलं काम थांबवून बसायची.